दगडाचे वय आणि तराजूचा पासंग

एका खेडेगावातल्या शिक्षकांनी मला एक प्रश्न पाठविला आहे. प्रश्न त्यांचा नाही, त्यांच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीचा. लोणारच्या सरोवराची माहिती सांगताना गुरुजी म्हणाले, आकाशातून एक मोठा दगड येऊन आदळला आणि हा खड्डा झाला, त्याला आता पाच लाख सत्तर हजार वर्षे झाली. मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, तेव्हा तिथं बघायला कोण होतं?"

गुरुजी प्रामाणिक. त्यांनी सांगितले, "कोणी नव्हतं. वय कसं काढलं ते मलाही नीट ठाऊक नाही. विचारून सांगतो."

आज आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधू या. ते दोन शब्दांत सांगायचे तर, तिथे दगड होता. पण दगडाची साक्ष घ्यायची कशी? माणसाला शपथ घालता येते, दगडाला कशी घालणार? आणि साक्ष घेणाऱ्याच्याच तराजूत खोट असेल तर? ही गोष्ट त्या साक्षीची आहे, आणि त्या खोटीचीही आहे.

आपण दगड उचलतो तेव्हा तो आपल्याला एकजिनसी दिसतो. पण काळ्या कातळात सिलिकॉन, ऑक्सिजन, लोखंड, ॲल्युमिनियम, कॅल्शियम ही मंडळी भरघोस असतात, आणि त्यांच्या गर्दीत काही मूलद्रव्ये अगदी चिमूटभर, चिमटीच्याही चिमटीइतकी असतात. त्यांना लेश-मूलद्रव्ये म्हणतात. एक टन ग्रॅनाइट घेतला, म्हणजे दहा क्विंटल दगड, तर त्यात युरेनियम निघेल साधारण तीन-चार ग्रॅम. दहा लाख दाण्यांच्या राशीत तीन-चार दाणे वेगळे असावेत, तसे हे. पण गंमत अशी, की दगडाचा इतिहास सांगतात ते हे थोडके दाणेच. रास सांगते की हा दगड कशाचा आहे. दाणे सांगतात की तो केव्हाचा आहे.

आता दुसरी गोष्ट. एकाच मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. इंग्लंडमध्ये जे. जे. टॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायूत दोन वजनांचे अणू असल्याची खूण दिसली, एक २० वजनाचा आणि दुसरा २२ वजनाचा. त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी १९१९ साली यासाठी चांगले यंत्र उभे केले आणि मूलद्रव्यांमागून मूलद्रव्ये तपासली. त्या कामाबद्दल त्यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सारख्या गुणांच्या पण वेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. एका घरचे भाऊ म्हणा. तोंडवळा एक, स्वभाव एक, फक्त वजनात फरक. शिशाच्या घरी असे चार भाऊ आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८. हे आकडे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

भाऊ सारखेच असतील तर त्यांना वेगळे करायचे कसे? रसायनाने ते वेगळे होत नाहीत, कारण आम्लाला ते सगळे सारखेच. इथे आपल्या खळ्यावरची युक्ती कामास येते.

मळणी झाल्यावर आपण उफणणी करतो. उंचावर उभे राहून सुपातून दाणे सोडायचे आणि वाऱ्याला आपले काम करू द्यायचे. भरलेला दाणा जवळ पडतो, पोचट दाणा थोडा दूर, भूस त्याच्याही पलीकडे. वारा कोणाचे नाव विचारीत नाही, फक्त वजन पाहतो. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक नावाचे यंत्र हेच करते. त्यात दाणे असतात अणू, आणि वारा असतो लोहचुंबकाचा.

दगडातून रसायनाने शुद्ध करून घेतलेल्या शिशाचा एक थेंब एका बारीक धातूच्या पट्टीवर सुकवितात. ही पट्टी एका नळीत ठेवून नळीतली हवा काढून घेतात. हवा का काढायची? तर खळ्यावर मधेच माणसे उभी राहिली तर दाणे त्यांना अडून कुठेही पडतील. हवेचे अणू तशी अडवणूक करतात. मग पट्टी विजेने लाल होईपर्यंत तापवितात. अणू पट्टी सोडून निघतात आणि निघताना विद्युत्-भारित होतात. हजारो व्होल्टांचा दाब देऊन त्यांना जोराने पुढे ढकलतात आणि एका मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून नेतात. तिथे त्यांची वाट वाकते. हलका अणू जास्त वाकतो, जड अणू कमी. शेवटी २०४ ची धार एकीकडे, २०६ ची दुसरीकडे, अशा चार धारा निरनिराळ्या होतात. प्रत्येक धारेबरोबर किती वीज आली ते मोजले, की कोणते भाऊ किती, ते कळते. अमेरिकेत आल्फ्रेड नीर यांनी १९४० च्या आसपास या यंत्राला जे सुटसुटीत रूप दिले, त्याने भूशास्त्राचा मार्ग मोकळा झाला. आज आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या झोतात दगडाचे द्रावण फवारून एकाच वेळी पुष्कळ लेश-मूलद्रव्ये मोजणारी यंत्रे आहेत. मुंबईजवळ तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी यंत्रे आपल्या देशातच बनविण्याचे काम झाले आहे. यंत्रे पुष्कळ सुधारली, पण मूळ तत्त्व उफणणीचेच.

आता तुम्ही म्हणाल, प्रमाण कळले, पण दगडात एकूण शिसे किती ते कसे कळणार? शुद्ध करताना थोडे भांड्याला चिकटले, थोडे सांडले, तर हिशेब चुकणार नाही का?

यासाठी शास्त्रज्ञांनी एक फार सुंदर तोड काढली आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, ही वर्गात करून पाहण्याजोगी आहे. एका कणगीत ज्वारी आहे. दाणे किती, ते ठाऊक नाही आणि एकेक मोजणे शक्य नाही. तुम्ही एक हजार दाणे मोजून घ्या, ते लाल रंगात बुडवून वाळवा आणि कणगीत टाका. आता सगळी ज्वारी खालीवर करून चांगली मिसळा. मग चार-पाच ठिकाणांहून मुठी भरून घ्या आणि मोजा. समजा, त्यात २० लाल दाणे निघाले आणि ४,००० पांढरे. म्हणजे एका लालामागे दोनशे पांढरे. लाल एकूण एक हजार, तर पांढरे झाले दोन लाख! सगळी कणगी न मोजता तिची मोजदाद झाली.

यात आणखी एक खुबी आहे. मिसळून झाल्यावर अर्धी कणगी सांडली, चिमण्यांनी खाल्ली, तरी उत्तर चुकत नाही, कारण सांडताना लाल आणि पांढरे त्याच प्रमाणात सांडतात. प्रयोगशाळेत दगड विरघळवितात तेव्हा त्यात असेच नेमके मोजलेले शिसे घालतात, ज्यात एका भावाचे प्रमाण मुद्दाम वाढविलेले असते. तो आपला लाल दाणा. पुढे काही वाया गेले तरी चिंता नाही.

मात्र एक चिंता राहतेच. वाया गेले तर चालते, पण बाहेरून भर पडली तर चालत नाही. तुमची पाठ फिरल्यावर शेजाऱ्याच्या पोरांनी त्यांची चार पायल्या ज्वारी तुमच्या कणगीत ओतली, तर पांढऱ्या दाण्यावर नाव लिहिलेले नसते. हिशेब गोड दिसेल आणि खोटा असेल.

नेमके हेच संकट एका तरुण शास्त्रज्ञापुढे उभे राहिले. त्यांचे नाव क्लेअर पॅटर्सन. जन्म १९२२ चा, अमेरिकेतल्या आयोवा या शेतीप्रधान राज्यातला. १९४८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात त्यांचे मार्गदर्शक हॅरिसन ब्राउन यांनी त्यांना काम दिले: अशनीतले शिसे मोजायचे आणि त्यावरून पृथ्वीचे वय काढायचे. आकाशात चमकून जाते ती उल्का, आणि न जळता जमिनीवर येऊन पडतो तो दगड किंवा लोखंडाचा गोळा म्हणजे अशनी.

पृथ्वीचे वय काढायला आकाशातला दगड कशाला? कारण असे की, पृथ्वीने आपली जन्मपत्रिका स्वतःच पुसून टाकली आहे. तिच्या पोटातून लाव्हा येतो, डोंगर उठतात, झिजतात, गाळ होतात, पुन्हा वितळतात. अगदी पहिल्या दिवसाचा दगड तिच्यापाशी राहिलेला नाही. पण सूर्याभोवती पृथ्वी तयार झाली तेव्हाच जे लहान गोळे तयार झाले, त्यांचे तुकडे अजून आकाशात फिरत आहेत आणि अधूनमधून आपल्याकडे पडतात. घरातले जुने दप्तर जळाले, पण त्याच वेळची नक्कल पाहुण्यांकडे राहिली, तसे हे.

आणि शिसे का? कारण युरेनियम हळूहळू फुटत शेवटी शिसे होते. युरेनियमचेही दोन भाऊ आहेत. २३८ वजनाचा फार संथ. त्याचा निम्मा साठा संपायला ४४७ कोटी वर्षे लागतात, आणि त्यापासून २०६ वजनाचे शिसे होते. दुसरा २३५ वजनाचा, उतावळा. त्याचा निम्मा साठा ७० कोटी वर्षांतच संपतो, आणि त्यापासून २०७ वजनाचे शिसे होते. २०४ वजनाचे शिसे मात्र कशापासूनही होत नाही. जे पहिल्या दिवशी होते तेवढेच आजही. म्हणून तो आपला मोजण्याचा खुंट.

पॅटर्सन यांनी काम सुरू केले. सोबती जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजीत, हे शिसे मोजीत. टिल्टन यांचे आकडे जुळले. पॅटर्सन यांचे जुळेनात. ज्या खडकाचे वय आधीच ठाऊक होते, त्यात हिशेबाने जेवढे शिसे निघावे त्याहून पुष्कळ जास्त शिसे निघू लागले. पुन्हा केले, पुन्हा जास्त. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, यंत्रात दोष आहे, किंवा चार आकड्यांची सरासरी काढून मोकळा झाला असता. यांनी तसे केले नाही.

आपण वाण्याकडे जातो तेव्हा शहाणे गिऱ्हाईक आधी काय पाहते? रिकामा तराजू. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मधे राहतो की नाही? राहत नसेल तर तराजूला पासंग आहे. पॅटर्सन यांनी हेच केले. दगड न घालता सगळी कृती केली. तेच आम्ल, तेच पाणी, तीच भांडी, फक्त दगड नाही. आणि शेवटी यंत्रात पाहिले तर शिसे आहेच! म्हणजे ते दगडातून आलेले नव्हते. ते आम्लात होते, पाण्यात होते, काचेच्या भांड्यात होते, हवेतल्या धुळीत होते, त्यांच्या स्वतःच्या कपड्यांवर, केसांत आणि कातडीवर होते.

पुढची कित्येक वर्षे हा माणूस पासंग काढीत होता. १९५२ साली ते कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथील तंत्रविद्या संस्थेत, कॅलटेकमध्ये आले, आणि तिथे त्यांनी आपली निर्मळ प्रयोगशाळा उभी केली. आत येणारी हवा गाळून घ्यायची. आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडले तरी हवा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही. आम्ल पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायचे. भांडी आम्लात धुवायची. आपल्याकडे सोवळ्यातला स्वयंपाक असे, तसा हा प्रकार. फक्त इथे विटाळ मोजून दाखविता येत होता.

१९५३ साली त्यांनी ॲरिझोनातल्या कॅन्यन डायाब्लो या लोखंडी अशनीतले शिसे वेगळे केले. या अशनीनेही तिथे आपल्या लोणारसारखाच एक मोठा खड्डा पाडलेला आहे. त्यातल्या लोह-गंधकाच्या खनिजात शिसे आहे, पण युरेनियम जवळजवळ नाही. म्हणजे त्यात नंतर भर पडलेलीच नाही. हे जन्मदिवसाचे शिसे! शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या यंत्रात त्यांनी ते मोजले. २०४ च्या एका अणूमागे २०६ चे सुमारे साडेनऊ अणू आणि २०७ चे सुमारे दहा. उलट, मेक्सिकोत सापडलेल्या न्यूएव्हो लारेडो या दगडी अशनीत युरेनियम भरपूर. त्यात २०४ च्या एकामागे २०६ चे सुमारे पन्नास आणि २०७ चे सुमारे पस्तीस.

वजाबाकी करा. जन्मापासून २०६ चे सुमारे एकेचाळीस नवे जमले, २०७ चे सुमारे साडेचोवीस. म्हणजे शंभराला साठ.

हे साठ फार बोलके आहेत. दोन रांजण कल्पनेत आणा. एकाला मोठे भोक, तो भराभर गळतो. दुसऱ्याला बारीक भोक, तो संथ गळतो. खाली दोन भांडी ठेवली आहेत. भराभर गळणारा रांजण आज जवळजवळ रिकामा आहे, म्हणून त्याची आजची धार अगदी मंद. आजच्या वेगाने २०६ चे शंभर अणू जमले, तर २०७ चे जेमतेम पाच जमतात. पण भांड्यांत तर शंभराला साठ आहेत! म्हणजे तो रांजण एके काळी चांगला भरलेला होता आणि तेव्हा त्याची धार जोरात होती. तो किती भरलेला होता आणि किती काळ गळला, हे या एका प्रमाणावरून निघते. उत्तर आले ४५५ कोटी वर्षे, चूकभूल सात कोटी इकडे किंवा तिकडे.

तीन दगडी अशनी आणि दोन लोखंडी अशनी, पाचांचे आकडे एकाच सरळ रेषेवर आले. पण ते झाले अशनींचे वय. पृथ्वीचे काय? पॅटर्सन यांनी समुद्रतळाचा गाळ घेतला, कारण नद्या सगळ्या खंडांची माती समुद्रात आणून मिसळतात. त्या गाळातले शिसेही त्याच रेषेवर येऊन बसले. पृथ्वी आणि अशनी एकाच वयाची भावंडे ठरली. हा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर यंत्रे कितीतरी पटींनी सूक्ष्म झाली, पण पृथ्वीच्या वयाचा आजचा आकडा त्याच घरात आहे. ते उत्तर पहिल्यांदा हाती आले तेव्हा पॅटर्सन गाडी घेऊन आयोवात आपल्या आईकडे गेले आणि छातीत इतके धडधडू लागले की, मला दवाखान्यात घेऊन चल, असे तिला म्हणाले, ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे.

श्रोतेहो, गोष्ट इथे संपली असती तरी मोठीच होती. पण या माणसाने पासंग नुसता बाजूला काढून टाकला नाही. तो कुठून आला, हे विचारले. माझ्या प्रयोगशाळेत एवढे शिसे येते, तर ते जगात सगळीकडेच असले पाहिजे. आले कुठून?

त्यांनी समुद्राचे पाणी तपासले. खोल पाण्यात शिसे कमी, पृष्ठभागाजवळ पुष्कळ जास्त. म्हणजे भर वरून, हवेतून, आणि अलीकडेच पडत होती. मग ते ग्रीनलंडच्या बर्फाकडे वळले. तिथे दरवर्षीचे हिम थरावर थर साचते आणि खालचा थर जुना असतो. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षा १९६५ च्या बर्फात शिसे दोनशेपटींहून अधिक निघाले.

कारणे अनेक होती. धातूंच्या भट्ट्या होत्या, रंग होते. पण त्या काळातले एक मोठे कारण रस्त्यावर धावत होते. इंजिनात ठकठक होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घालीत. ही युक्ती अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१ साली शोधली. प्रत्येक मोटार धुराबरोबर शिसे हवेत सोडीत होती. हे शिसे शरीरात गेले तर रक्त कमी करते आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. मूल मंद दिसते, अभ्यासात मागे पडते, आणि घरचे म्हणतात, पोरगे मठ्ठच आहे.

१९६५ साली पॅटर्सन यांनी स्पष्ट लिहिले, की आजच्या माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक नाही. ते नैसर्गिकाच्या सुमारे शंभरपट आहे. शिशाच्या व्यवसायाशी संबंध असलेल्यांना हे रुचले नाही. संशोधनाचा पैसा आटला. तज्ज्ञांच्या समितीतून त्यांना वगळलेही गेले. पुष्कळांचे म्हणणे, एवढे शिसे अंगात असणे स्वाभाविकच आहे, कारण ते सगळ्यांच्याच अंगात आहे. हा युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे, बरं का. सगळ्या बाजारातले तराजू खोटे असले म्हणजे खोटे वजन हेच खरे वजन ठरत नाही. पॅटर्सन यांच्यापाशी पासंग काढलेला तराजू होता, म्हणून ते ठामपणे बोलू शकले.

हळूहळू जग वळले. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री पूर्ण बंद झाली. पॅटर्सन त्याच्या आदल्याच महिन्यात वारले. आपल्या देशात २००० साली सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. शेवटी २०२१ साली अल्जीरियात ते बंद झाले आणि मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे जगातून गेले. दगडाचे वय मोजायला निघालेल्या एका माणसाच्या नेटकेपणाचा यात मोठा वाटा आहे.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. लोणारचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काळ्या पाषाणात पडलेला. त्या आघाताने वितळून पुन्हा थिजलेल्या दगडातला आर्गॉन वायू शास्त्रज्ञांनी मास स्पेक्ट्रोमीटरने मोजला. दगडातले एका जातीचे पोटॅशियम फुटून आर्गॉन होते. दगड पुरता वितळला की जुना वायू उडून जातो, आणि थिजल्यापासून नवा साचू लागतो. त्यावरून २०११ साली वय आले ५ लाख ७० हजार वर्षे, चूकभूल ४७ हजार. याआधी दुसऱ्या रीतीने केलेला अंदाज पन्नास हजारांच्या आसपास होता. शास्त्रात जुना आकडा मागे घेण्याची लाज वाटत नाही. लाज वाटावी ती चूकभूल न सांगण्याची.

घाटातून एस.टी.ने जाताना खिडकीतून पाहा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा येऊन थिजला, त्यावर काही काळ गेला, माती झाली, मग दुसरा लाव्हा आला. त्या मधल्या लाल पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉन नावाचे सूक्ष्म खडे काही ठिकाणी सापडतात. झिरकॉनचा स्वभाव मोठा सोयीचा. स्फटिक बनताना तो युरेनियमला घरात घेतो आणि शिशाला दाराबाहेर ठेवतो. म्हणजे पुढे त्यात शिसे सापडले तर ते घरातच जन्मलेले. या खड्यांवरून कळले की सह्याद्रीचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि एवढा थोरला डोंगर रचला जाण्याचे बहुतेक काम दहा लाख वर्षांच्या आत उरकले.

आणि अशनी तर आपल्या अंगणातही पडतात. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात दगड पडले. असे पुन्हा कुठेही होऊ शकते, म्हणून चार गोष्टी सांगतो. आकाशातून पडलेला दगड मिळाला तर तो धुऊ नका. फोडू नका. चुंबक लावून पाहू नका, कारण त्याची मूळ चुंबकीय खूण पुसली जाते. स्वच्छ कागदात किंवा नव्या पिशवीत ठेवा, जागा आणि वेळ टिपून ठेवा, आणि तहसील कचेरीला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांचे मोठे कार्यालय नागपुरात आहे. आणखी एक गोष्ट, कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता सांगतो. त्या दगडाला शेंदूर फासू नका. आपला जुना शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्म. कोट्यवधी वर्षे निर्मळ राहिलेल्या दगडाला आपण एका बोटाने शिसे लावले, तर त्याची साक्ष बुडाली. नमस्कार दुरून केला तरी पोचतो.

शिशाबद्दलही सावध राहा. पेट्रोलमधून ते गेले, पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याच्या धंद्यात ते आहे, जुन्या रंगाच्या पोपड्यांत आहे. बांगलादेशात तर हळदीला पिवळा उजाळा यावा म्हणून शिशाचा रंग मिसळीत. तो माणसांच्या रक्तात पोचल्याचे २०१९ साली ओळखले गेले. कशावरून? रक्तातल्या शिशाच्या भावांचे आपसातले प्रमाण त्या रंगातल्या प्रमाणाशी जुळले, म्हणून. अशनीचे वय सांगणारी तीच उफणणी! तेव्हा बॅटरी घराच्या आवारात फोडू देऊ नका, आणि फार झगझगीत हळद दिसली तर ती मुलांच्या ताटात येण्यापूर्वी थोडा विचार करा.

आता त्या सातवीतल्या मुलीला उत्तर. बाळ, तेव्हा तिथे बघायला कोणी नव्हते. पण दगड तिथेच होता आणि त्याने सगळा हिशेब जपून ठेवला आहे. तो वाचणाऱ्याने आधी आपले हात, आपली भांडी आणि आपला तराजू तपासला, तर दगड खरे सांगतो. न तपासता विचारले, तर तो आपलीच घाण आपल्याला परत सांगतो. पुढेही कोणी मोठा आकडा सांगितला, की असाच प्रश्न विचार. आणि गुरुजींना माझा नमस्कार सांग, कारण "मला ठाऊक नाही, विचारून सांगतो" हे वाक्य वर्गात म्हणणे सोपे नसते. ज्ञानाचा तराजू पहिल्यांदा सरळ होतो तो तिथेच.